दम लागणाऱ्या माणसाला लवचिक पट्टी: लावावी कशी आणि काढावी कशी

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहायला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना खेळाडूंच्या गुडघ्यावर आणि पोटरीवर चिकटवलेल्या निळ्या-काळ्या पट्ट्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. तीच पट्टी दम लागणाऱ्या वयस्क माणसाच्या पाठीवर किंवा बरगड्यांवर दिसली की मात्र घरचे लोक बुचकळ्यात पडतात, आणि फिजिओथेरपीच्या खोलीत मला हमखास दोन प्रश्न विचारले जातात: "ह्यानं आबांचा दम कमी होणार काय?" आणि "आम्हाला घरी लावता येईल काय?" पहिल्याचे उत्तर "काही जणांचा, थोडाफार, आणि तोही पट्टी अंगावर असेपर्यंत" असे आहे. दुसऱ्याचे उत्तर "होय, पण पहिल्या वेळी जाणकाराकडून शिकून घेऊन, आणि ती काढायची कशी हे लावण्याआधी समजून घेऊन" असे आहे. हा लेख प्रामुख्याने या दुसऱ्या उत्तराचा विस्तार आहे.

ही पट्टी, म्हणजे दुकानात जिला कायनेसिओलॉजी टेप म्हणतात ती, सुती कापडाची असून तिच्यात लवचिक धागा विणलेला असतो, आणि मागच्या बाजूला नागमोडी रेषांमध्ये गोंद असतो, जो अंगाच्या उष्णतेने पक्का धरतो. तिच्यात औषध नसते. जपानमधील कायरोप्रॅक्टर (मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने उपचार करणारे) केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात ती विकसित केली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर ती जगभर दिसली. बाजारात साधारणपणे ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब असा रोल मिळतो. निळ्या पट्टीने थंडावा आणि लाल पट्टीने ऊब मिळते, असे विक्रेते कधीकधी सांगतात. त्यात तथ्य नाही, त्यामुळे रंग आवडीप्रमाणे घ्यावा.

पट्टी काय करू शकते आणि काय नाही

या लेखातला दम प्रामुख्याने सीओपीडीचा, म्हणजे बहुधा बिडीच्या किंवा चुलीच्या धुराने जडणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा आहे. या आजारात श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे हवा आत जाते पण पुढचा श्वास घेण्याआधी पूर्ण बाहेर पडत नाही. अडकलेल्या हवेने फुफ्फुसे फुगलेली राहतात, छाती पिंपासारखी गोल होते, आणि एरवी घुमटासारखे असणारे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) खाली दाबले जाऊन सपाट होते. आधीच सपाट झालेल्या स्नायूला आखडायला फारशी जागा उरत नाही, म्हणून त्याचे काम मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंवर येऊन पडते. हे स्नायू दिवसभर श्वास ओढण्यासाठी बनलेले नसल्यामुळे ते थकतात आणि दुखतात, खांदे कानांकडे सरकतात आणि पाठीला हळूहळू पोक येतो. हंगामात गुऱ्हाळावर वर्षानुवर्षे चुलवणात चिपाडे सारणारा माणूस असो किंवा बिडीला आयुष्यात हात न लावता केवळ चुलीच्या धुराने फुफ्फुसे गमावलेली आजी असो, दवाखान्याच्या दारातून आत येताना दोघांच्या खांद्यांची ठेवण सारखीच दिसते.

पट्टीने श्वासनळी रुंद होत नाही आणि अडकलेली हवा सुटत नाही. ती त्वचेला सतत हलकी ओढ देते, त्यामुळे पाठ वाकली किंवा खांदे वर गेले की माणसाला त्याची जाणीव होते, आणि थकलेल्या स्नायूंचा ताण काही वेळ हलका वाटू शकतो. बरगड्यांवर आणि पोटावर योग्य ताणाने लावल्यास छाती-पोटाच्या हालचालीचा मेळ थोडा सुधारतो, असे मानण्यास काही आधार आहे. ब्राझीलमध्ये स्थूल नसलेल्या पुरुष रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात पट्टीमुळे व्यायामाच्या वेळचा दम कमी झाल्याचे आणि व्यायामाची क्षमता वाढल्याचे दिसले. परंतु या विषयावरचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत, आणि वर सांगितलेल्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. माझे मत असे आहे की पट्टीचा खरा उपयोग चालण्याच्या व्यायामाला हातभार म्हणून आहे; पट्टी लावून दिवसभर खुर्चीत बसून राहणाऱ्याला तिच्यापासून फारसे काही मिळत नाही. इनहेलर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पंप म्हणतात तो, नेहमीच्या वेळी घेतलाच पाहिजे. पट्टीच्या भरवशावर पंप बंद केलेला एक रुग्ण मी आठवडाभरात रुग्णालयात दाखल झालेला पाहिला आहे.

आणखी एक खुलासा येथेच केलेला बरा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वाळूच्या धुळीत काम केलेल्या माणसाला सिलिकोसिस असू शकतो, आणि तो सीओपीडीहून वेगळा आजार आहे. त्यात फुफ्फुसे फुगण्याऐवजी कडक होतात आणि छाती पुरेशी फुलतच नाही. अशा छातीवर बरगड्यांची पट्टी लावणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे आजाराचे नाव स्पायरोमेट्रीने, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या चाचणीने, आणि डॉक्टरांच्या निदानाने पक्के झालेले असावे. केवळ "दमा आहे" एवढ्या माहितीवर पट्टी लावू नये.

कोणी लावू नये

जखम, पुरळ, नायटा किंवा नागीण असलेल्या जागेवर, गाठीच्या किंवा रेडिएशन घेतलेल्या जागेवर, पेसमेकर बसवलेल्या ठिकाणी आणि पूर्वी चिकटपट्टीने अंगावर फोड उठलेल्या व्यक्तीला ही पट्टी लावू नये. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असल्यास किंवा हृदयविकारामुळे अंगावर सूज असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आजार उसळलेला असताना, म्हणजे बेडका वाढला आहे किंवा त्याचा रंग बदलून हिरवा-पिवळा झाला आहे, ताप आहे, नेहमीपेक्षा जास्त दम आहे, अशा दिवसांत पट्टीचा विचारच बाजूला ठेवावा. एकाएकी छातीत एका बाजूला कळ येऊन दम वाढला, ओठ निळसर झाले किंवा माणूस गुंगीत जाऊन असंबद्ध बोलू लागला, तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पट्टी काढत बसण्यात वेळ घालवू नये.

सर्वांत जास्त काळजी त्वचेची आहे. सीओपीडीच्या अनेक रुग्णांनी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घेतलेल्या असतात, आणि जास्त मात्रेत घेतलेल्या स्टेरॉइडच्या पंपानेही त्वचा पातळ होऊ शकते. हाताच्या पाठीवर किंवा कोपराखाली किरकोळ धक्क्याने जांभळे डाग पडत असतील, त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसत असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या माणसाला पट्टी लावू नये, असाच सल्ला मी देते. फुटबॉल खेळणाऱ्या विशीतल्या मुलाची त्वचा आणि सत्तरीतल्या आजोबांची त्वचा यांना एकाच मापाने मोजणे ही या उपायातली सर्वांत सामान्य चूक आहे.

आधी वहीत नोंद

पट्टी लावण्याच्या किमान आठवडाभर आधी एक वही करावी. घराजवळची एखादी सपाट, सावलीची आणि ठरावीक अंतराची वाट निवडावी. रंकाळा तलावाच्या काठचा सपाट भाग सकाळी चांगला असतो. चढाची वाट यासाठी उपयोगाची नाही. रोज साधारण एकाच वेळी, पंप घेतल्यानंतर ठरवून दिलेल्या वेळाने, तेवढेच अंतर नेहमीच्या चालीने चालावे, आणि चालून झाल्याबरोबर दम किती लागला याला ० ते १० मध्ये आकडा द्यावा. ० म्हणजे मुळीच नाही, ३ म्हणजे मध्यम, ५ म्हणजे तीव्र, ७ म्हणजे फार तीव्र आणि १० म्हणजे सहन होणार नाही इतका. त्याशेजारी चालायला लागलेली मिनिटे, मध्ये किती वेळा थांबावे लागले, आणि ऑक्सिमीटर घरी असल्यास त्यावरचा आकडा लिहावा. बोट गार असेल किंवा नखाला गडद नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून हात चोळून गरम करून मग मोजावे.

हा खटाटोप कशासाठी, असे पुष्कळ जण विचारतात. कारण असे की नवीन उपाय सुरू केल्यावर पहिले चार दिवस सगळ्यांनाच बरे वाटते. मुलगा किंवा सून रोज अर्धा तास जवळ बसून पाठीला हात लावते, याचेच समाधान मोठे असते. ते समाधान खोटे नाही, पण ते पट्टीच्या खाती जमा करणे बरोबर नाही.

तुकडा कापणे आणि ताणाचा हिशेब

पहिल्या दिवशी फक्त चाचणी करावी. साधारण ५ सेंटिमीटरचा तुकडा कोपरे गोल कापून पोटाच्या बाजूला न ताणता चिकटवावा आणि २४ तास ठेवावा. खाज, लाली, पुरळ किंवा काढल्यावर त्वचा सोललेली दिसली, तर विषय तेथेच संपवावा. केवळ पट्टीखालची जागा किंचित गुलाबी होऊन तासाभरात पूर्ववत झाली, तर हरकत नाही.

लावण्याच्या दिवशी साध्या साबणाने आंघोळ करून अंग पूर्ण कोरडे करावे. आंघोळीनंतर अंगाला तेल, पावडर किंवा बाम लावलेला असेल तर गोंद धरत नाही. केस दाट असतील तर ते कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करावेत. वस्तरा फिरवल्याने त्वचेवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यावर गोंद झोंबतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत अंग कोरडे झाल्यासारखे वाटते पण नसते, म्हणून पुसल्यानंतर पंख्याखाली दहा मिनिटे बसवून मगच काम सुरू करावे.

ताणाची टक्केवारी हा भाग घरोघरी चुकतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. "२५ टक्के ताण" म्हणजे पट्टी तिच्या लांबीच्या सव्वापट ओढायची, असा अर्थ नाही; पट्टी जितकी वाढू शकते, त्या वाढीचा चौथा हिस्सा, असा अर्थ आहे. २० सेंटिमीटरचा तुकडा कागदावरून सोडवून पूर्ण ओढला तर तो साधारण २८ ते ३० सेंटिमीटर होतो, म्हणजे त्याच्यात ८ ते १० सेंटिमीटर वाढ असते. तिचा चौथा हिस्सा २ ते अडीच सेंटिमीटर. म्हणजेच २० सेंटिमीटरची पट्टी साधारण साडेबावीस सेंटिमीटरच्या जागेत बसवली की २५ टक्के ताण झाला. शिवाय कागदावर असतानाच पट्टी थोडी ताणलेली असते, त्यामुळे ती हातात घेऊन न ओढता चिकटवली तरी हलका ताण येतोच. दम लागणाऱ्या माणसासाठी २५ टक्क्यांच्या वर कधीही जाऊ नये. जास्त ओढली तर जास्त गुण येईल ही समजूत येथे उलटी ठरते: जास्त ताणाने त्वचेला फोड येतात आणि बरगड्यांवर असेल तर श्वास आखडतो.

प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके, म्हणजे साधारण ४-५ सेंटिमीटर, मुळीच न ताणता चिकटवायची असतात आणि ताण फक्त मधल्या भागाला द्यायचा असतो. कोपरे गोल कापल्याने ती कपड्याला अडकून सुटत नाहीत. गोंदाच्या बाजूला बोटे लावू नयेत. मागचा कागद टोकाजवळ फाडून तेथूनच धरावे. चिकटवून झाल्यावर तळहाताने हलके चोळावे, म्हणजे उष्णतेने गोंद धरतो. त्यानंतर किमान अर्धा तास घाम येईल असे काही करू नये.

पाठीच्या पट्ट्या

घरी शिकायचे असेल तर सुरुवात येथून करावी, आणि पुष्कळांच्या बाबतीत येथेच थांबावे. मानेच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या ठळक हाडाच्या थोडे खालून शेवटच्या बरगडीच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजावे. सामान्य बांध्याच्या माणसात ते २५ ते ३० सेंटिमीटर भरते. तेवढ्या लांबीचे दोन तुकडे कापावेत. मणक्यांच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना, मधल्या हाडांपासून दोन बोटे अंतर सोडून, उभ्या रेषेत ते लावायचे असतात. मणक्यांच्या हाडांवर थेट पट्टी लावू नये, कारण कृश माणसात तेथे त्वचेखाली काहीच मांस नसते आणि घर्षणाने ती सोलते.

रुग्णाला पाठ न टेकता स्टुलावर बसवावे. "छाती पुढे काढा" असे सांगू नये; तसे सांगितले की माणूस श्वास रोखून ताठ होतो. त्याऐवजी, डोक्यावर हलकी घागर आहे असे समजून मान लांब करा आणि खांदे खाली सोडा, असे सांगितलेले आपल्याकडच्या आज्यांना एका क्षणात कळते. त्या स्थितीत खालचे टोक न ताणता चिकटवावे, मधला भाग साधारण २० ते २५ टक्के ताणून वर न्यावा, आणि वरचे टोक पुन्हा न ताणता सोडावे. दुसरी बाजू तशीच.

आता एक परीक्षा घ्यावी, जी बहुतेक ठिकाणी घेतली जात नाही. दम लागल्यावर सीओपीडीचा रुग्ण पुढे वाकून, कोपरे टेबलावर किंवा हात मांडीवर टेकून बसतो. ती वाईट सवय नसून श्वास सोपा करण्याची खरी युक्ती आहे, आणि आम्ही ती मुद्दाम शिकवतो. पाठीच्या पट्टीने ती युक्ती हिरावून घेता कामा नये. म्हणून पट्टी लावून झाल्यावर रुग्णाला टेबलावर कोपरे टेकून वाकायला सांगावे. वाकताना फक्त ओढ जाणवली तर ठीक. अडवल्यासारखे किंवा जखडल्यासारखे वाटले तर पट्टी सावकाश काढून कमी ताणाने नवीन लावावी. एकदा निघालेली पट्टी पुन्हा चिकटत नाही, तेव्हा काटकसरीच्या मोहात पडू नये.

स्त्रियांच्या बाबतीत पट्टीची जागा ब्लाउजच्या आणि अंतर्वस्त्राच्या पट्ट्याखाली येते आणि घामाने तेथे लवकर खाज सुटते. सैल कपडे घालावेत आणि ती जागा रोज संध्याकाळी पाहावी. पट्टी लावणारी व्यक्ती शक्यतो घरातली स्त्रीच असावी. संकोचाने अंग चोरून बसलेल्या माणसाची पाठ सरळ होत नाही आणि मग मापही चुकते.

खांदा आणि बरगड्या

खांद्यापासून मानेकडे जाणारा जाड स्नायू दिवसभर आखडून दुखत असेल, तर १५ ते २० सेंटिमीटरचा एकेक तुकडा दोन्ही बाजूंना लावता येतो. खांद्याच्या टोकावर एक टोक चिकटवावे, डोके हळूच दुसऱ्या बाजूला झुकवायला सांगावे, आणि कागदावरच्या नैसर्गिक ताणाइतक्याच ताणाने पट्टी मानेच्या मागच्या बाजूला केसांच्या रेषेखाली आणून सोडावी. गळ्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर कधीही पट्टी लावू नये. कोणत्या टोकापासून सुरुवात केली तर स्नायू सैल पडतो आणि कोणत्या टोकापासून केली तर जोर धरतो, यावर शिबिरांमध्ये बरीच चर्चा होते. दिशेने विशेष फरक पडतो असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, म्हणून त्याची चिंता करू नये.

बरगड्यांची पट्टी घरी पहिल्यांदा लावू नये. ती फिजिओथेरपिस्टनेच लावावी, आणि घरच्या माणसाने दोन-तीनदा पाहून, त्यांच्यासमोर स्वतः लावून मगच घरी प्रयत्न करावा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या थोडे बाजूला सुरुवात करून खालच्या बरगडीच्या कडेने कुशीपर्यंत तिरकी जाणारी एकेक पट्टी दोन्ही बाजूंना लावली जाते. ताण कागदावरच्या ताणाइतकाच ठेवावा. पट्टी चिकटवताना रुग्णाने सावकाश, नेहमीपेक्षा थोडा खोल श्वास आत घेतलेला असावा, म्हणजे पुढे श्वास घेताना ती आवळत नाही. श्वास सोडलेला असताना लावलेली पट्टी प्रत्येक श्वासाला विरोध करते. दोन्ही पट्ट्या समोर आणि मागे एकमेकींना मिळू देऊ नयेत. छातीभोवती पूर्ण वेढा म्हणजे पट्टा झाला, आणि आधीच दमलेल्या छातीला पट्टा बांधणे हे उपचाराच्या अगदी उलट आहे. लावल्यानंतर दहा मिनिटे रुग्णाला बसवून ठेवावे, पूर्ण वाक्य एका दमात बोलता येते का ते पाहावे, आणि आधीपेक्षा जड वाटत असेल तर "थोडं बसू दे, सवय होईल" असे न म्हणता लगेच काढावी.

पट्टी लावल्यानंतर ओठांचा चंबू करून श्वास सोडण्याचा सराव दहा मिनिटे करावा. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा चार मोजेपर्यंत हळूहळू सोडावा. त्यानंतर चालायला जावे. पट्टीचा दिवस हा चालण्याचा दिवस असला पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

काढणे

उत्पादक पट्टी ३ ते ५ दिवस ठेवता येते असे सांगतात. वयस्क रुग्णाच्या अंगावर मी ती दोन, फार तर तीन दिवस ठेवते आणि मग किमान दोन दिवस त्वचेला विश्रांती देते. पट्टी ओली झाली तरी चालते. आंघोळीनंतर टॉवेलने दाबून टिपावी, चोळू नये आणि हेअर ड्रायरने वाळवू नये, कारण उष्णतेने गोंद आणखी घट्ट धरतो. टोके सुटू लागली तर तेवढाच सुटलेला भाग कात्रीने कापून टाकावा.

काढताना पट्टीवरून खोबरेल तेलाचा हात फिरवून पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे तेल कापडातून झिरपून गोंद सैल होतो. मग वरच्या टोकापासून, केसांच्या वाढीच्या दिशेने, पट्टी उलटी दुमडून त्वचेला जवळजवळ समांतर ठेवत मागे नेत जावी. एका हाताने पट्टी ओढण्यापेक्षा दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्वचा दाबून पट्टीपासून दूर सारणे हे खरे कौशल्य आहे. जेथे अडेल तेथे पुन्हा तेल घालावे. एका पाठीला पंधरा मिनिटे लागली तर ती वाया गेली असे समजू नये. एका झटक्यात ओढून काढलेल्या पट्टीबरोबर पातळ त्वचेचा पापुद्रा निघून आलेला मी पाहिला आहे, आणि मधुमेह असलेल्या त्या बाईंची ती जखम भरायला कितीतरी आठवडे गेले. त्वचा फाटलीच, तर स्वच्छ पाण्याने धुऊन जखमेला न चिकटणाऱ्या ड्रेसिंगने झाकावी आणि डॉक्टरांना दाखवावी. हळद किंवा राख भरू नये.

घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर तेलाच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ सहज पेट घेऊ शकतात, म्हणून नाकातल्या नळीला, मास्कला किंवा यंत्राला तेलाचा हात लागू देऊ नये. अशा घरात मी तेलाऐवजी आंघोळीच्या वेळी साबणाच्या कोमट पाण्यात पट्टी भिजवून काढायला सांगते, आणि जवळपास देवाचा दिवा, उदबत्ती किंवा चूल पेटलेली नाही याची खात्री करायला सांगते. ऑक्सिजन मात्र पट्टीसाठी बंद करू नये.

दोन आठवड्यांनंतर

पट्टी लावलेल्या दिवसांचे आणि न लावलेल्या दिवसांचे आकडे वहीत शेजारी-शेजारी मांडावेत. तेवढेच अंतर चालून दमाचा आकडा सातत्याने किमान एकाने कमी आला असेल, किंवा थांबण्याची संख्या घटली असेल, तर पट्टी पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे. एखाद्या दिवसाच्या चांगल्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण हवेतला बदल, शेजारच्या रानात पेटवलेले उसाचे पाचट किंवा रात्रीची झोप यांनीही आकडा हलतो. करवीर तालुक्यातल्या एका गुळव्याच्या वहीत पाठीच्या पट्टीच्या दिवशी आकडा पाचाचा चार होत असे आणि बरगड्यांच्या पट्टीने काहीच फरक पडत नसे. त्यांनी बरगड्यांची पट्टी सोडली आणि पाठीची आठवड्यातून दोनदा, चालण्याच्या दिवसांपुरती ठेवली. ती वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे नेली, तेव्हा पंपाची मात्रा ठरवायलाही तिचा उपयोग झाला. दोन आठवड्यांत आकडे जागचे हलले नाहीत, तर पट्टी बंद करावी, चालणे आणि श्वासाचे व्यायाम तसेच चालू ठेवावेत, आणि उरलेला रोल घरातल्या फुटबॉल खेळणाऱ्या नातवाला देऊन टाकावा.